वीणा, फासे आणि विद्या : जुन्या कथांमधील नायकाची पारख

अद्भुत कथेतील नायकाला मिळणारी विद्या त्याच्या अंगच्या गुणांना शोभते की नाही, हा प्रश्न भारतीय कथाकारांना फार पूर्वीपासून पडलेला आहे. महाभारतातील आख्याने, बौद्ध अट्ठकथा, जैन प्राकृत ग्रंथ आणि पैठणच्या सातवाहन दरबाराशी नाते सांगणारी बृहत्कथा या सर्वांत नायक नुसता तलवारबहाद्दर नसतो. तो वीणा वाजवतो, घोडे हाकतो, स्वयंपाक करतो, हार गुंफतो किंवा फासे टाकतो. दैवी सामर्थ्य त्याच्याकडे येते ते बहुधा याच कलांच्या वाटेने. कोणत्या नायकाला कोणती विद्या द्यायची, ती कोणत्या मोबदल्यात द्यायची आणि ती कुठे थिटी पडू द्यायची, याविषयी जुन्या कथाकारांची एक प्रथा ठरून गेली होती. ती कुठे लिहून ठेवलेली नाही, पण कथा एकापुढे एक ठेवून वाचल्या की स्पष्ट दिसते.

कलांच्या यादीत इंद्रजाल

ही प्रथा समजण्यासाठी प्राचीन भारतात कला कशाला म्हणत हे आधी पाहावे लागते. वात्स्यायनाच्या कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी आहे. तिची सुरुवात गायन, वादन, नृत्य आणि चित्रकला यांनी होते. पुढे कपाळावरच्या तिलकासाठी पानांचे नक्षीदार तुकडे कापणे, माळा गुंफण्याचे प्रकार, द्यूताचे प्रकार, यंत्ररचना आणि हातचलाखी या कला येतात. त्याच रांगेत ऐंद्रजाल, म्हणजे जादूचे प्रयोग, ही एक कला म्हणून मांडलेली आहे.

या यादीत जादूसाठी वेगळा कप्पा नाही. गाणे जसे गुरूकडे बसून, रियाज करून साधायचे, तसेच इंद्रजालही. कला आणि जादू एकाच घरात नांदत असल्यामुळे कथाकाराला कलेतून जादूकडे जाताना मोठी उडी मारावी लागत नव्हती. उत्तम वादकाच्या वीणेने माणसे भारून जातात, हा रोजचा अनुभव आहे. त्याच वीणेने रानटी हत्ती जागीच थांबतो, ही त्या अनुभवाची पुढची पायरी. श्रोता ही पायरी सहज चढतो, कारण तिचा पाया त्याच्या ओळखीचा असतो.

नळ : घोडे आणि फासे

या प्रथेचे सर्वांत रेखीव उदाहरण महाभारताच्या वनपर्वात आहे. निषध देशाचा राजा नळ अश्वविद्येत निष्णात आहे आणि त्याला फाशांचा नाद आहे. आख्यानाच्या आरंभीच त्याच्या वर्णनात या दोन्ही गोष्टी येतात, आणि पुढची सगळी कथा त्यांवरच उभी राहते. घोड्यांचे त्याला ज्ञान आहे. फासे त्याला फक्त आवडतात. ज्या गोष्टीचा नाद आहे पण ज्ञान नाही, तिथेच त्याच्या अंगात शिरलेला कलियुगाचा अधिष्ठाता कली त्याला गाठतो आणि भाऊ पुष्कर द्यूतात त्याचे राज्य घेतो.

दमयंतीच्या स्वयंवरात चार देवांनी नळाला वर दिलेले असतात. अग्नी हवा तेव्हा प्रकट होईल, पाणी हवे तिथे मिळेल, त्याने रांधलेल्या अन्नाला चव येईल, असे त्यांतले काही. वर मिळताना हे सामर्थ्य राजाला फारसे उपयोगी वाटत नाही. राज्य गेल्यावर, कर्कोटक नागाच्या दंशाने रूप पालटल्यावर आणि अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाकडे बाहुक या नावाने सारथी व स्वयंपाकी म्हणून राहिल्यावर मात्र या वरांचे मोल कळते. पुढे दमयंतीची दासी केशिनी बाहुकावर पाळत ठेवते, तेव्हा तिला दिसते की त्याने नुसते पाहिले तरी रिकामी भांडी पाण्याने भरतात, मूठभर गवत त्याच्या हातात पेट घेते आणि हाताने चुरगळलेली फुले अधिकच टवटवीत होतात. देवांनी राजाला दिलेले वर आचाऱ्याच्या कामी येतात. वर आणि कसब यांचा मेळ कथाकाराने किती आधीपासून ठरवला होता, हे इथे कळते.

आख्यानाचा गाभा मात्र रथातल्या प्रवासात आहे. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून ऋतुपर्णाला एका दिवसात विदर्भाच्या कुंडिनपुराला पोचायचे असते. हे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धा नदीकाठचे कौंडण्यपूर, असे परंपरा मानते. बाहुक रथ असा हाकतो की ऋतुपर्णाचे उपरणे खाली पडते आणि ते उचलायला सांगेपर्यंत रथ एक योजन पुढे गेलेला असतो. नळाचा जुना सारथी वार्ष्णेय आता ऋतुपर्णाच्या पदरी असतो आणि याच रथात बसलेला असतो. घोड्यांची चाल पाहून तो मनाशी म्हणतो की हा इंद्राचा सारथी मातली असावा, अश्वशास्त्राचा आचार्य शालिहोत्र असावा किंवा नळ असावा. रूप बदललेल्या माणसाची पहिली खूण त्याच्या कलेतून पटते.

वाटेत बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण एका नजरेत सांगतो की झाडाच्या दोन फांद्यांवर पाच कोटी पाने आणि २,०९५ फळे आहेत. बाहुक रथ थांबवतो, झाड तोडतो आणि मोजून पाहतो. संख्या बरोबर निघते. झाड बेहड्याचेच असण्याला कारण आहे. त्या काळी द्यूतात बेहड्याची फळे फासे म्हणून वापरत आणि खेळ बहुतांशी झटपट मोजणीवर चाले. एका दृष्टिक्षेपात मोजण्याची ऋतुपर्णाची शक्ती आणि त्याची द्यूतविद्या या एकाच कसबाच्या दोन बाजू आहेत.

यानंतर देवघेव होते. ऋतुपर्ण नळाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म देतो आणि बदल्यात अश्वहृदय, म्हणजे घोड्यांचे मर्म मागतो. पोचण्याची घाई असल्याने आपली विद्या तो आधी देऊन टाकतो आणि नळाची तूर्त त्याच्याकडेच ठेव म्हणून राहू देतो. फाशांचे ज्ञान मिळताच कली नळाच्या शरीरातून बाहेर पडतो आणि त्याच बेहड्याच्या झाडात शिरतो. ज्या उणिवेचा फायदा कलीने घेतला होता, ती भरून निघताच त्याला राहायला जागा उरत नाही. शेवटी नळ पुष्कराला एका डावात हरवतो.

महाराष्ट्रात नळ घरोघरी पोचला तो मुख्यतः रघुनाथ पंडितांच्या नलदमयंती स्वयंवराख्यानातून. त्या काव्याचा जीव हंसाच्या दूतकार्यात आणि स्वयंवरात आहे. त्यामुळे मराठी वाचकाला हंस पाठ असतो आणि बेहड्याचे झाड परके वाटते. विद्या आणि नायक यांच्या मेळाच्या दृष्टीने पाहिले तर आख्यानाचे मर्म त्या झाडाखाली आहे.

पांडवांचा अज्ञातवास

नळाची कथा बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला सांगतात, आणि कथा संपल्यावर त्याला अक्षहृदय देतात. युधिष्ठिरही नळासारखाच द्यूताचा नाद असलेला आणि द्यूतात कच्चा. पुढे विराटाच्या दरबारी तो कंक या नावाने राहतो, तो फासे खेळण्यात तरबेज असलेला राजाचा सोबती म्हणून. ज्या गोष्टीने राज्य गेले, तिच्याच बळावर अज्ञातवासाचे वर्ष निभावते.

विराटपर्वात इतर भावंडांचीही अशीच जुळणी आहे. भीम खवय्या आणि मल्ल, म्हणून तो मुदपाकखान्यात जातो. नकुल घोड्यांकडे जातो, सहदेव गाईगुरांकडे. अर्जुनाची तयारी सर्वांत आधीपासून झालेली असते. तो अस्त्रे मिळवायला इंद्रलोकी जातो, तेव्हा इंद्र त्याला चित्रसेन गंधर्वाकडून गायन, वादन आणि नृत्य शिकायला लावतो. धनुर्धराला नाचगाणे कशासाठी, असे तेव्हा वाटावे. बृहन्नडा होऊन राजकन्या उत्तरेला नृत्य शिकवताना त्याचे उत्तर मिळते.

आदिपर्वात अर्जुनाला मिळालेली चाक्षुषी विद्याही त्याच्या स्वभावाला धरून आहे. गंगाकाठी त्याने हरवलेला अंगारपर्ण गंधर्व ही विद्या देऊ करतो. तिच्यामुळे तिन्ही लोकांतले जे पाहावेसे वाटेल ते दिसते. एरवी ती मिळवायला सहा महिने एका पायावर उभे राहण्याचे व्रत करावे लागते, आणि नालायक माणसाच्या हाती पडली तर ती नष्ट होते. लक्ष्यावर नजर खिळवण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या धनुर्धराला डोळ्यांची विद्या मिळावी, हे अगदी चपखल आहे. तरीही अर्जुन ती फुकट घेत नाही. बदल्यात तो आग्नेयास्त्र देतो. नळ आणि ऋतुपर्ण यांच्यासारखाच हा सौदा बरोबरीचा आहे.

उदयनाची वीणा

कलेतून चालणाऱ्या जादूचा सर्वांत लाडका नायक म्हणजे वत्स देशाचा राजा उदयन. त्याची राजधानी कौशांबी आजच्या प्रयागराजजवळ यमुनेकाठी होती. त्याच्या कथा इतक्या लोकप्रिय होत्या की अवंतीच्या गावांतील म्हातारी माणसे त्या सांगण्यात पटाईत असल्याचा उल्लेख कालिदासाने मेघदूतात केला आहे. उदयन वीणावादक आहे आणि हत्ती पकडण्याचा शौकीन आहे. त्याच्या वीणेला रानटी हत्ती वश होतात. दोन आवडी एकाच विद्येत इतक्या नेमक्या मिळाल्याचे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

ही विद्या त्याला कशी मिळाली, याच्या कथा वेगवेगळ्या आहेत. धम्मपदाच्या पाली अट्ठकथेत अल्लकप्प नावाचा तापस त्याला वीणा आणि मंत्र देतो. एक तार छेडली की हत्ती मागे न पाहता पळतात, दुसरी छेडली की मागे पाहत पळतात, तिसरी छेडली की कळपाचा नायक पाठ वाकवून पुढे येतो. सोमदेवाच्या कथासरित्सागरात उदयन एका शबराच्या तावडीतून साप सोडवतो आणि त्यासाठी आपले कडे देतो. तो साप म्हणजे वासुकीचा थोरला भाऊ वसुनेमी. तो उपकाराची फेड म्हणून घोषवती वीणा देतो, आणि सोबत विड्याची पाने, कधी न सुकणारे हार गुंफण्याची आणि कधी न पुसणारे तिलक रेखण्याची कलाही देतो. या देणग्या कामसूत्राच्या यादीशेजारी ठेवल्या तर दिसते की माळा गुंफणे, तिलक रेखणे, वीणा वाजवणे या सगळ्या नागरक रसिकाच्या नित्याच्या कला आहेत. नागाने राजाला नवे काही दिलेले नाही. राजाच्या अंगी शोभणाऱ्याच कला त्याने अक्षय करून दिल्या.

या विद्येला कथाकाराने जी मर्यादा घातली, ती तिच्या माध्यमातूनच निघते. वीणा कानांतून काम करते. म्हणून उज्जैनीचा चंडमहासेन प्रद्योत उदयनाला पकडण्यासाठी लाकडी हत्ती बनवतो आणि त्याच्या पोटात सैनिक बसवतो. कथासरित्सागरात उदयन संधिप्रकाशात एकटाच वीणा वाजवत त्या हत्तीकडे जातो. हत्ती गाण्यात रंगल्यासारखे कान हलवतो, पुढे येतो, मागे सरतो आणि राजाला सोबत्यांपासून दूर ओढून नेतो. उदयन स्वतःच्याच गाण्यात इतका बुडालेला असतो की समोरचा हत्ती खोटा आहे हे त्याच्या ध्यानी येत नाही. त्याचे बळ जिथे आहे तिथेच त्याची भूलही आहे. शत्रूने विद्येवर मात करायला मोठी विद्या आणलेली नाही. जिथे ती लागू पडत नाही अशी वस्तू त्याने समोर उभी केली.

पाली कथेत पुढचा भाग विद्येच्या किमतीविषयी आहे. प्रद्योत कैदेतल्या उदयनाकडे हत्तीचा मंत्र मागतो. उदयन म्हणतो की वंदन करशील तर शिकवीन. प्रद्योत कैद्यासमोर वाकायला तयार होत नाही. मग तो आपल्या मुलीला, वासवदत्तेला, पडद्याआड बसवून मंत्र शिकायला लावतो. मुलीला सांगितले जाते की शिकवणारा कुष्ठरोगी आहे, आणि उदयनाला सांगितले जाते की शिकणारी कुबडी आहे. एके दिवशी शिकवताना दोघांत शब्दाला शब्द वाढतो, पडदा बाजूला होतो आणि फसवणूक उघडी पडते. शेवटी वासवदत्ता उदयनाबरोबर हत्तीवरून पळून जाते. विद्येसाठी मान न लववणारा राजा मंत्रही गमावतो आणि मुलगीही. कौशांबी परिसरात सापडलेल्या मातीच्या जुन्या फलकांवर हत्तीवरून पळणारे जोडपे दिसते. ते याच प्रसंगाचे चित्र मानले जाते.

न सुकणारा हार

विद्या शोभते की नाही याची एक खूण अशी, की ती नायकाची ओळख होऊन बसते. उदयनाच्या कथेत ही खूण वासवदत्तेपर्यंत पोचते. मंत्री यौगंधरायण राजकारणासाठी लावाणकाच्या आगीत वासवदत्ता जळून मेल्याची हूल उठवतो आणि तिला आवंतिका या नावाने मगधाच्या राजकन्येकडे, पद्मावतीकडे ठेवतो. तिथे वासवदत्ता पद्मावतीसाठी न सुकणारा हार गुंफते आणि न पुसणारा तिलक रेखते. उदयनाचे पद्मावतीशी लग्न होते, आणि तो हार व तो तिलक दिसताच त्याला कळते की ही कला त्याच्याखेरीज एकाच व्यक्तीला येते. नळाच्या हातात टवटवीत राहिलेली फुले आणि हा हार एकाच घराण्यातले आहेत.

भासाच्या स्वप्नवासवदत्तात या जादूला फाटा दिलेला आहे. त्या नाटकातही वासवदत्तेला सवतीच्या लग्नाची माळ गुंफावी लागते, पण ती साधी माळ आहे. ओळख पटते ती चित्रावरून, आणि हरवलेली घोषवती वीणा सापडल्यावर उदयनाचे दुःख पुन्हा उसळते. जादू काढून घेतली तरी माळ, चित्र आणि वीणा या तिन्ही कला जागच्या जागी राहतात आणि नाटक तितकेच हेलावते. विद्या कलेत मुरलेली होती, याचा यापेक्षा चांगला पुरावा नाही.

चित्रलेखेचा कुंचला

चित्रकलेतून चालणाऱ्या जादूचे ठळक उदाहरण उषा आणि अनिरुद्ध यांच्या कथेत आहे. बाणासुराची मुलगी उषा स्वप्नात एका तरुणाला पाहते आणि त्याच्यासाठी झुरू लागते. तिला त्याचे नाव ठाऊक नसते. तिची सखी चित्रलेखा देव, गंधर्व आणि माणसे यांची चित्रे एकामागून एक काढत जाते. यादवांची चित्रे येतात, अनिरुद्धाचे वडील प्रद्युम्न यांचे चित्र पाहून उषा लाजते आणि अनिरुद्धाचे चित्र येताच मान खाली घालते. मग चित्रलेखा योगबळाने आकाशमार्गे द्वारकेला जाते आणि झोपलेल्या अनिरुद्धाला शोणितपुरात घेऊन येते.

चित्रलेखेकडे दोन सामर्थ्ये आहेत. शोधाचे काम चित्रे करतात आणि वाहतुकीचे काम योग करतो. पहिले सामर्थ्य तिच्या नावाइतके तिचे आहे. दुसरे कथेच्या सोयीसाठी जोडलेले वाटते, आणि वाचकाच्या लक्षात राहते ते पहिलेच. शोध घेणे म्हणजे ओळखणे, आणि हुबेहूब चित्र काढणाऱ्याला माणूस ओळखता येतो, एवढे साधे तर्कशास्त्र तिच्यामागे आहे. चित्रकलेला प्राचीन काळी किती व्यापक मानत हे विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या चित्रसूत्रात दिसते. तिथे मार्कंडेय ऋषी सांगतात की चित्र समजायला नृत्य समजले पाहिजे, आणि नृत्यासाठी वाद्य व गीत समजले पाहिजे. हे ज्ञान ते ज्या वज्र राजाला देतात, तो अनिरुद्धाचा मुलगा.

बृहत्कथा आणि नरवाहनदत्त

उदयनाच्या मुलाची, नरवाहनदत्ताची कथा हा बृहत्कथेचा कणा आहे. हा पैशाची भाषेतील मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. परंपरा त्याचा कर्ता गुणाढ्य याला गोदाकाठच्या प्रतिष्ठानाशी, म्हणजे पैठणशी आणि सातवाहन राजाशी जोडते. राजाने ग्रंथ नाकारल्यावर गुणाढ्य डोंगरावर बसून एकेक पान वाचतो आणि आगीत टाकतो. रानातले पशू खाणेपिणे सोडून ऐकत राहतात. सात लाख श्लोकांपैकी सहा लाख जळतात आणि नरवाहनदत्ताचे एक लाख उरतात, असे ही कथा सांगते. कथेने पशूंना खिळवून ठेवणारा गुणाढ्य आणि वीणेने हत्तींना थांबवणारा उदयन यांत ग्रंथाने एक नाते जोडले आहे. कलेचे सामर्थ्य नायकापुरते न ठेवता ते कथा सांगणाऱ्यालाही दिले आहे.

मूळ ग्रंथ हरवला तरी त्याच्या शाखा उरल्या. बुधस्वामीचा बृहत्कथाश्लोकसंग्रह २८ सर्गांपर्यंत मिळतो. काश्मीरमध्ये अकराव्या शतकात क्षेमेंद्राने बृहत्कथामंजरी लिहिली, आणि त्यानंतर सोमदेवाने राणी सूर्यवतीच्या मनोरंजनासाठी कथासरित्सागर रचला. जैन परंपरेत संघदासगणींचा वसुदेवहिंडी हा ग्रंथ महाराष्ट्री प्राकृताच्या जुन्या रूपात आहे. त्यात नरवाहनदत्ताच्या जागी कृष्णाचा पिता वसुदेव नायक होतो.

नायक बदलला तरी एक प्रसंग टिकला, तो चंपानगरीतल्या वीणास्पर्धेचा. गंधर्वदत्तेच्या गाण्याला जो वीणेची साथ करील त्याला ती वरणार, असा पण असतो आणि सारे शहर वीणेच्या मागे लागलेले असते. नायक आपली ओळख लपवून, अडाणी असल्याचे सोंग घेऊन तिथे शिरतो. पुढे आणलेल्या वीणा तो एकामागून एक नाकारतो. कथासरित्सागरात स्वर ऐकताच तो सांगतो की तारेला केस अडकलेला असावा, आणि तपासल्यावर केस सापडतो. मग तो वाजवतो आणि जिंकतो. विष्णूच्या तीन पावलांशी संबंधित गीत या प्रसंगात येते. जैन ग्रंथांत त्याच जागी विराट रूप घेणाऱ्या विष्णुकुमार मुनींची कथा आहे.

या प्रसंगात मंत्र नाही, वर नाही. बारीकसा केस ऐकू येणारा कान एवढीच नायकाची विद्या. तरी वाचकाला तो प्रसंग नवलाचा वाटतो. उलट नरवाहनदत्त विद्याधरांचा चक्रवर्ती होऊ लागतो, विद्याधर राजकन्यांशी एकामागून एक विवाह करतो आणि नेमून ठेवलेली रत्ने व विद्या त्याच्याकडे चालत येतात, तेव्हा त्याची व्यक्तिरेखा फिकट होत जाते. त्या विद्या त्याच्या भाग्यात लिहिलेल्या आहेत, त्याच्या हातात मुरलेल्या नाहीत. वडील उदयन एका वीणेवर अमर झाला. मुलाच्या हाती आकाशातली सत्ता आली, तरी तो लक्षात राहतो तो चंपेतल्या वीणेमुळेच.

यंत्रे आणि न शोभणारी विद्या

बृहत्कथेच्या शाखांत कारागिरांनाही मानाचे स्थान आहे. कथासरित्सागरात मयासुराची मुलगी सोमप्रभा आपली मैत्रीण कलिंगसेना हिच्यासाठी लाकडी बाहुल्या आणते. खुंटी दाबली की कुणी उडून हार आणते, कुणी पाणी आणते, कुणी नाचते. कांची नगरीच्या प्राणधर आणि राज्यधर या सुतार भावांपैकी प्राणधर यंत्राचे हंस बनवतो आणि त्यांच्याकरवी राजाच्या खजिन्यातले अलंकार चोरतो. पकडले जाण्याच्या भीतीने दोघेही आपल्याच हातच्या उडत्या विमानांतून पळ काढतात. पुढे राज्यधर समुद्रकाठच्या एका ओस शहरात लाकडी माणसे वसवून राहतो. या पात्रांची जादू सुताराच्या हातची आहे. तिला खुंट्या आहेत, दोऱ्या आहेत आणि ती किती अंतर जाईल याचे मापही आहे.

विद्या न शोभल्याची उदाहरणेही परंपरेने जपली. वेताळाच्या कथांत चार भाऊ चार दिशांना जाऊन विद्या शिकतात. एक सापडलेल्या हाडावर मांस चढवतो, दुसरा कातडी आणि केस, तिसरा बाकीचे अवयव, चौथा प्राण घालतो. उठतो तो सिंह, आणि चौघांनाही मारून खातो. प्रत्येकाची विद्या खरी होती. हाड कुणाचे आहे हे ओळखण्याची अक्कल मात्र कुणाकडेच नव्हती, आणि तीच विद्येच्या आधी लागते. महाभारतात अश्वत्थामा ब्रह्मशिर अस्त्र सोडू शकतो पण मागे घेऊ शकत नाही. अर्जुन दोन्ही करू शकतो. कर्णाने खोटी ओळख सांगून परशुरामाकडून घेतलेले अस्त्र ऐन वेळी आठवत नाही. तिन्ही ठिकाणी विद्या माणसापेक्षा मोठी झाली आणि तिने त्याला बुडवले.

पारख

या सर्व कथांतून चार कसोट्या हाती येतात. पहिली अशी की विद्या नायकाच्या अंगी आधीच असलेल्या कलेला पुढे नेते, किंवा ज्या उणिवेमुळे तो पडला तीच भरून काढते. उदयनाची वीणा पहिल्या प्रकारची, नळाचे आणि युधिष्ठिराचे अक्षहृदय दुसऱ्या. दुसरी कसोटी किमतीची. विद्या सेवेने, विनयाने किंवा बरोबरीच्या देवघेवीने येते, आणि खोटेपणाने घेतलेली विद्या दगा देते. तिसरी कसोटी मर्यादेची, जी बाहेरून लादलेली नसून कलेच्या माध्यमातून निघते. कानांतून जाणारी विद्या ऐकू न येणाऱ्या हत्तीपुढे थांबते. चौथी कसोटी ओळखीची. जादू वजा केली तरी नायक त्याच्या हातच्या कामावरून ओळखू येतो.

या कसोट्यांना उतरलेले नायक टिकले आणि न उतरलेले मागे पडले. अद्भुत कथा लिहिणाऱ्या आजच्या मराठी लेखकाला हा वारसा घरचाच आहे. आपल्या नायकाच्या हाती चित्र, गाणे किंवा नाच यांतून चालणारी जादू द्यायची असेल, तर आधी त्या कलेचा रियाज त्याला करू द्यावा, तिच्यावाचून त्याचे काय अडते ते दाखवावे, आणि ती कुठे चालणार नाही हे पहिल्या प्रकरणातच ठरवावे. नायकाला आधीच्या आयुष्यात ज्या कलेची ओढ किंवा गरज नव्हती, ती कितीही नेत्रदीपक असली तरी त्याला शोभत नाही.